हसायला सोडलेली जागा

"सुई थांबली का?"

मास्तरांचा हा प्रश्न आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होता. शिलाई मशीनवर पाय मारता मारता ते एखादी नवी ओळ गुणगुणायचे, पाय थांबवायचे आणि मान न वळवता मागे विचारायचे. मागे भिंतीला टेकून काकू, म्हणजे त्यांची बायको, सदऱ्याला काजं करत बसलेल्या असायच्या. हसू आलं की काकूंच्या हातातली सुई थांबायची. थांबली तर ओळ पास. नाही थांबली तर मास्तर म्हणायचे, "बरं, उसवतो," आणि पुन्हा मशीन सुरू.

तुम्ही त्या काळी हिंगोलीत असाल तर मास्तर तुम्ही पाहिलेच असतील. उंच, जरासे वाकलेले, गळ्यात टेप, कानावर खडू. मूळचे नरसीचे. कपडे बरे शिवायचे, पण घरातल्याच त्या दुकानात माणसं बसून राहायची ती गाण्यांसाठी. नाटकांतली गाणी तेव्हा घरोघर म्हटली जायची. मास्तर चाल तीच ठेवायचे आणि शब्द आपले घालायचे. एका गाण्यात नदीला पूर आला म्हणून प्रियकर येत नाही, आणि नायिका काठावर उभी राहून रडते. मास्तरांनी तो पूर तिथून उचलला आणि आमच्या स्वयंपाकघरात आणून सोडला:

चुलीत लाकूड ओलं, सखे गं, डोळ्यांत भरला धूर
जेवाया जावई आला, अन् वरणाला आला पूर

पाहुणे वाढले की वरणात तांब्याभर पाणी ओतलं नाही असं एकही घर आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे हसू यायचं ते पोटातून यायचं.

ही गाणी लग्नात विहिणींच्या पंगतीला व्हायची. तिथं गायची एक रीत होती. ओळ म्हटली की थांबायचं. पंगतीनं हसायचं, पाणी प्यायचं, घासाला हात घालायचा, मग दुसरी ओळ. घाई केली तर कोणाच्या तरी घशात घास अडकणार. मास्तर ही रीत काटेकोर पाळायचे. "पंगतीला मारायचं न्हाई, हसवायचं हाय," म्हणायचे.

अशाच एका पंगतीला ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या कंपनीचा एजंट जेवायला बसला होता. हात धुता धुताच त्यानं मास्तरांना गाठलं. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी. हैदराबादला या.

मी तेव्हा हैदराबादला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला मी, आणि पदवी घेतलेलाही पहिला मीच. मला त्याचा अभिमान आहे, आणि माझ्याइतकाच तो मास्तरांना होता. "आमच्या गल्लीचं पोरगं हाय. इंग्रजीत भांडतंय," असं ते कोणालाही सांगायचे. ते माझ्याच खोलीवर उतरले. बरोबर काकू होत्या. त्यांचा खोकला बरेच महिने हटत नव्हता, तेव्हा त्याच फेरीत मोठ्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं होतं.

कंपनीनं एक बंगला भाड्यानं घेतला होता. गाण्याच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. मास्तर आधी त्या गोधड्याच बघून आले. "टाके लांब पडलेत," मला हळूच म्हणाले. मग त्यांनी आपली एकच अट सांगितली, "ही समोर पायजे. ही नसली तर ओळ लागली का न्हाई ते मला कळत न्हाई."

कंपनीच्या साहेबानं परवानगी दिली, पण आवाज करायचा नाही या बोलीवर. लाल दिवा लागला. मास्तर गायला लागले. वरणाला पूर आला आणि काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तरी हसू सुटलंच. हसण्यामागून खोकला आला, आणि तो थांबेना. गाणं जिच्यावर कोरलं जात होतं ती मेणाची तबकडी वाया गेली.

साहेब काही बोलायच्या आत काकूच उठल्या. "मी भाईर बसते. तुमी म्हणा."

मास्तर पुन्हा उभे राहिले. समोर रिकामी खुर्ची. ओळ म्हटली की थांबायचे, खुर्चीकडे बघायचे, मग पुढची ओळ. चारी गाणी त्यांनी तशीच म्हटली. शेवटी साहेब कानावरचं यंत्र काढून बाहेर आला.

"मास्टरजी, बीच बीच में रुकते क्यों हो?"

"लोगां हसेंगे ना, साब."

"लोग कहाँ हैं?"

"घर में हैं. तबकडी बजेगी, तब हसेंगे."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आणखी मेण वाया घालवायची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्या जागा तशाच तबकडीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत सांगत होतो. क्षय आहे. पडून राहायचं. मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. छातीला हिसका बसला तर रक्त पडेल.

मास्तरांनी टोपी हातात घेतली. "इचार बरं त्याला, हसणं कोणतं? मोठ्यानं, का गालातल्या गालात बी न्हाई?"

मी विचारलं. डॉक्टर आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, कोणतंच नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी मशीन बाहेर ओसरीवर आणलं. काकू आत खाटेवर. सुई बंद झाली, गाणी बंद झाली. सगळ्या तालुक्याला हसवणारा माणूस आपल्या घरात मीठमिरचीशिवाय काही बोलेना. भाजी कोणती आणू, पाणी तापवू का, उशी सरकवू का. तोंडातून चुकून एखादं वाकडं वाक्य निघेल म्हणून ते बोलायच्या आधी थांबायचे. मी पाहिलंय ते. शब्द चाचपायचे, जशी अंधारात पायरी चाचपावी.

तबकड्या निघाल्या तेव्हा मी सुट्टीत घरी आलो होतो. बाहेरच्या गावी त्या चालल्या नाहीत. गाणं मधेच बंद पडतंय म्हणून लोक त्या दुकानात परत आणून देतात, असं एजंट सांगून गेला. हिंगोलीत मात्र कोपऱ्यावरच्या हॉटेलात दिवसभर त्याच. एक ओळ वाजायची, तबकडी नुसती खरखरायची, आणि त्या खरखरीत सगळं हॉटेल हसून घ्यायचं. हसणं संपता संपता बरोबर दुसरी ओळ यायची. पंगतीची सवय होती ना सगळ्यांना.

मास्तरांनी हॉटेलवाल्याला विनवलं, "हळू लाव, बाबा."

"मास्तर, तबकडी हळू लावता येती. माणसं हळू कशी लावू?"

एका दुपारी मी त्यांच्या घरात बसलो होतो. मास्तर काकूंसाठी मोसंबं सोलत होते. हॉटेलातून हसण्याचा लोट आला.

"तबकडी आली ना?" काकू म्हणाल्या. "काहून लपवून राहिलात?"

"न्हाई आली. आली की सांगतो."

"मग लोक कशानं हसून राहिले?"

"असंल दुसरं काही."

गाणं तिथवर ऐकू येत नव्हतं, फक्त हसणं येत होतं. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. "आता जावई आला," म्हणाल्या. जरा थांबल्या. पुन्हा हसण्याचा लोट आला. "हे वरण." मग पुढचा. "ही इहीण रुसली. तुमच्या जागा मला कळत न्हाईत व्हय? माझ्यावरच बेतल्यात तुमी त्या."

मास्तरांच्या हातात मोसंब्याची फोड तशीच राहिली.

काकू त्याच महिन्यात गेल्या. मास्तरांनी पुन्हा गाणं केलं नाही. लग्नाघरचे बोलवायला यायचे, तर म्हणायचे, "दाखवू कोणाला?" अठ्ठेचाळीसच्या गडबडीत बरीच माणसं संस्थानाची सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, तसे तेही कनेरगावच्या नाक्यावरून वाशीमकडे गेले. नंतर गडबड शमली, माणसं परतली. मास्तर परतले नाहीत. मी दोनदा वाशीमला जाऊन चौकशी केली, कोणाला काही सांगता आलं नाही.

माझ्या मनात राहिलेत ते काकू जायच्या दोन दिवस आधीचे मास्तर. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. आतून काकूंनी हाक मारली. "अवं, आत या. डॉक्टरचं आता बास झालं. एक ओळ म्हणा मला. नवी."

मास्तर खाटेजवळ खाली बसले.

"म्हणा की."

"येत न्हाई गं."

"काहून?"

"न्हाई येत."

मग काकूंचाच आवाज आला. त्या पुराच्याच चालीवर, अगदी बारीक, दोन ठिकाणी श्वास तुटलेला. शब्द मला कळले नाहीत. पुढे कधी मास्तरांनी ते सांगितले नाहीत, आणि मी विचारलेही नाहीत. पण ओळ संपली आणि आतून मोठ्यानं हसणं आलं. मी घाबरून पेपर टाकला आणि दारात गेलो. हसत होते ते मास्तर. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. त्यांचं हसणं राकट होतं, शेतावरच्या माणसासारखं. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, एका हातानं खाटेचा पाय धरलेला. काकू हसत नव्हत्या. मास्तरांकडे टक लावून बघत पडल्या होत्या, आणि त्यांचं हसणं संपायची वाट बघत होत्या.

ते संपेपर्यंत काकूंचा डोळा लागला.

शेजारच्या गिरजामावशी हातात दुधाची वाटी घेऊन लगबगीनं आल्या. "हसणं ऐकू आलं. काकूला बरं वाटून राहिलं वाटतं?"

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"व्हय, मावशे. जरा हळू बोल. एक ओळ म्हणली तिनं. दुसरी म्हणणार हाय."