अट्रॅक्टाने न वाचलेली ओळ

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या किलगरिफ गावात अट्रॅक्टा गिलमार्टिनचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. आठवडाभर ती शाळेची बस चालवी आणि मागच्या बाकावरच्या पोरांना आरशात बघूनच दटावी. रविवारी तीच बस घेऊन ती चर्चला येई, मिस्सेच्या म्हणजे उपासनेच्या मध्यावर वाचनमंचावर उभी राही आणि गावाच्या वतीने एकेक प्रार्थना म्हणे. बाकांवरून उत्तर येई, "प्रभू, आमचं ऐक."

हे उत्तर लोक पेंगतापेंगताही देत. एकदा तिच्या हाती चुकून सूचनांचा कागद आला, आणि म्हाताऱ्या कोलमनची मेंढी हरवल्याची सूचना तिने प्रार्थनेच्या सुरात वाचून टाकली. सारे चर्च गंभीरपणे म्हणाले, "प्रभू, आमचं ऐक." मेंढी दुसऱ्या दिवशी सापडली.

"मेयोच्या फुटबॉल संघासाठी जन्मभर मागतोय, तिथे देव बहिरा," कोलमन सांगत सुटला. "मेंढीला मात्र लगेच पावला!"

त्या मे महिन्यात मात्र गावातले हसणे आटले होते. गर्भपातावरची घटनेतली बंदी ठेवायची की उठवायची, यावर देशभर मतदान होणार होते. खांबाखांबावर फलक लागले होते. अट्रॅक्टाचे मत पक्के होते. ती बंदीच्या बाजूची होती, आणि ते लपवतही नव्हती.

शनिवारी फादर मालाकींनी तिला नेहमीप्रमाणे प्रार्थनांचा कागद दिला. ती घरी येऊन मोठ्याने वाचू लागली. पोप, आजारी माणसे, गवताची कापणी, फुटबॉल संघ. शेवटच्या ओळीवर तिची जीभ अडली. "स्वतःच्या बाळाचा खून करणाऱ्या बायांना पश्चात्ताप होवो."

तिच्या डोळ्यांसमोर डिम्फना उभी राहिली. डिम्फना शेजारच्या घरातली. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसे. सहा वर्षांपूर्वी तिच्या पोटातल्या बाळाची कवटीच धरली नव्हती. जन्मले तरी जगणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. इथे बंदी, म्हणून ती बोटीने इंग्लंडला गेली. गावात एवढेच म्हणत, "ती जाऊन आली." बाळाची राख मागाहून कुरियरने आली. खेड्यातल्या घरांना नंबर नसत, म्हणून गाडीवाल्याने वाटेत शाळेची बस थांबवून पत्ता विचारला. अट्रॅक्टाने तो लहानसा खोका स्वतःच घेतला, शेजारच्या सीटवर ठेवला आणि बस कधी चालवली नव्हती इतकी हळू चालवत डिम्फनाच्या दारी नेला.

"रोशीन," डिम्फना खोका घेताना म्हणाली होती. "नाव ठेवलंय तिचं." त्यानंतर दोघींमध्ये तो विषय कधी निघाला नाही.

संध्याकाळी भाची सोर्शा आली. ती दुसऱ्या बाजूचा प्रचार करत दारोदार फिरत होती. तिने कागद वाचला आणि उसळली.

"आत्या, हे वाचणार तू? खून कसला! पेशींचा गोळा असतो नुसता."

"हो का? जा मग, डिम्फनाच्या दारात उभी राहून म्हण."

सोर्शाचा चहा तसाच राहिला. "मी तिला नाही गं म्हणत," ती हळूच म्हणाली.

"फादरही तिला नाही म्हणत. पण ऐकणार तीच."

दुसऱ्या दिवशी मिस्सेआधी अट्रॅक्टा मागच्या खोलीत गेली. फादर झगा चढवत होते.

"फादर, शेवटची ओळ मला वाचता यायची नाही."

"शिकवण तीच आहे, अट्रॅक्टा. आज शब्द मऊ केला तर उद्या शिकवणही मऊ होईल."

"शिकवण मी मानते. मत कुठे देणार तेही तुम्हांला ठाऊक आहे. पण खुनी म्हटलं की पुढे काही बोलायलाच उरत नाही, नुसतं बोट दाखवायचं उरतं. आणि ते बोट तिसऱ्या बाकाकडे जाईल."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"या गावात नाव घ्यावं लागतं होय?"

फादरांनी झग्याची दोरी आवळली. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी होता. "ठीक. ती ओळ मी वाचतो. आणि पुढच्या रविवारपासून दुसरं कुणी वाचेल."

तरी ती मंचावर गेली. पोपसाठी उत्तर आले. आजाऱ्यांसाठी, गवतासाठी आले. फुटबॉलसाठी तर नेहमीसारखे दणदणीत आले. मग फादर पुढे झाले, त्यांनी तिच्या हातून कागद घेतला आणि शेवटची ओळ स्पष्ट वाचली.

उत्तर आले नाही.

कोणी खोकले नाही, कोणी बूट हलवला नाही. हरवलेल्या मेंढीसाठी उत्तर देणारे ते चर्च गप्प बसून होते. डिम्फनाची मान खाली गेली होती.

अट्रॅक्टा अजून मंचावरच होती. हातात कागद नव्हता. पण आवाज बसमधला निघाला.

"ज्या आया लेकरू पोटात घेऊन समुद्रापार गेल्या आणि रिकाम्या हातांनी परतल्या, त्यांच्यासाठी. आणि ज्या लेकरांची नावं फक्त घरच्यांनाच ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी."

डिम्फना उभी राहिली. "रोशीनसाठी," ती म्हणाली. मोठ्याने.

"प्रभू, आमचं ऐक!" तावदाने हादरली. बंदी हवी म्हणणारे ओरडले आणि नको म्हणणारेही. मागे दाराशी उभी सोर्शा, जी वर्षभरात चर्चची पायरी चढली नव्हती, तीही ओरडली. फादर मालाकी वेदीकडे वळले होते. पण पहिल्या रांगेतल्यांनी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

मिस्सा संपल्यावर ते दारात उभे होते. अट्रॅक्टा जवळून जाताना म्हणाले, "शनिवारी कागद न्यायला या."

"त्यात तो शब्द असेल?"

"नसेल."

बाहेर ऊन पडले होते. लोक डिम्फनाभोवती जमले. कोलमन टोपी काढून पुढे आला.

"केवढी झाली असती गं पोरगी?"

"सहा वर्षांची."

"म्हणजे या अट्रॅक्टाच्या बसमध्ये असती."

डिम्फनाने डोळे पुसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा चर्चच्या अंगणात मोठ्याने हसली. "मागच्या बाकावर," ती म्हणाली. "आणि रोज हिचा ओरडा खाल्ला असता."

"खाल्लाच असता," अट्रॅक्टा म्हणाली आणि तिचा हात धरून तिला बसकडे घेऊन गेली.