स्कॉटलंडच्या नावावर छापलेली गोष्ट

मी फसवलं ते गोदावरीला. २६ जानेवारी १९९८, सकाळी, झेंडावंदन झाल्यावर, आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, शे-दोनशे माणसांसमोर. तिला तेव्हा सगळे गोदी म्हणायचे. चौथीत होती. मी एकवीस वर्षांचा होतो, खांद्याला झोळी आणि झोळीत पत्रकं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चळवळीतल्या मित्रांना तर नाहीच. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, तिला गेल्या महिन्यात सांगितलं. तुम्ही दुसरे.

मला पत्रक लिहिता येतं. कुणाचा निषेध करायचा, मागण्या कुठल्या क्रमाने मांडायच्या, शेवटची ओळ जाड ठशात कशी घ्यायची — हे झोपेतही जमेल. पण यात निषेध माझाच आहे, आणि तो कुठल्या ठशात घेतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे जरा अडखळत सांगतो.

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. मी फिरत्या वाचनालयाचं काम करायचो. सायकल, मागे पत्र्याची पेटी, पेटीत मुलांची पुस्तकं. धनगरांच्या पालांवर, तांड्यांवर, ज्या शाळेत शिक्षक आठवड्यातून दोनदा उगवतो अशा शाळांत. आमची संस्था नांदेडची. त्या संस्थेत सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात स्कॉटलंडहून एक म्हातारी बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. सोबत पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात त्यांच्याकडची चिमुकल्यांची पुस्तकं. असा कागद मी आयुष्यात पाहिला नव्हता — हात धुऊन ये मग हात लाव, असं तो कागदच सांगायचा.

बाई बोलल्या ते एकाने आम्हाला मराठीत सांगितलं. त्या लहान असताना घरची बोली शाळेत तोंडातून निघाली की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. इंग्रजी बोल, नीट बोल. आणि आता त्याच बोलीत मुलांसाठी पुस्तकं निघतात, हे पुस्तक त्यातलंच, असं म्हणून त्यांनी एक पातळ पुस्तक वर धरलं. बाईंचे डोळे भरले होते. सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. परत येऊन त्याच आठवड्यात पत्रक काढलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, विसरायचा प्रयत्न करूनही पाठ आहे — ‘आमच्या लेकरांच्या तोंडची भाषा ओरबाडून घेणाऱ्यांचा आम्ही जाहीर निषेध करतो.’

ओरबाडून घेणारे म्हणजे कोण? तेव्हा मला वाटायचं, सरकार.

बाई आल्या त्याच बैठकीत विचारलं गेलं होतं की हे पुस्तक मराठीत कोण करेल. मी हात वर केला. बी.ए.ला माझं इंग्रजी होतं, पास झालो होतो, आणि भाषण करणाऱ्या माणसाला सगळंच येतं अशी माझी तेव्हा समजूत होती. घरी येऊन पुस्तक उघडलं. पानावर दोन-दोन ओळी. शब्दकोश घेऊन बसलो तर त्यातले निम्म्याहून जास्त शब्द शब्दकोशातच नाहीत! मला वाटलं छपाईची चूक असेल. मग लक्षात आलं — अरे, ही तर बोली. जिच्यासाठी मी टाळ्या पिटल्या तीच. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

एक पोस्टकार्ड टाकायचं, ‘जमत नाही’ म्हणून. संपलं असतं. का नाही टाकलं? लाज. दुसरं काही नाही. पत्रक वाटणारा पोरगा स्कॉटलंडच्या बोलीपुढे आडवा पडला, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

मग मी चित्रं पाहून गोष्ट रचली आणि पेटी घेऊन निघालो, पोरांवर वाचून बघावी म्हणून. दिवाळीनंतरचे दिवस. कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवली होती — खतासाठी शेतकरी धनगरांना बोलावून घेतात तशी — आणि तिथेच गोदीच्या घरच्यांचं पाल होतं. गोदी आधीपासून माझी वाचक. मुलं गोळा झाली. मी पानं उलटत माझी गोष्ट सांगायला लागलो. झाड नसलेला डोंगर. पाठीवर निळा रंग लावलेली मेंढरं. घरात चुलीजवळ खोक्यात एक कोकरू, एक मुलगा त्याला बाटलीने दूध पाजतोय. मी म्हणालो, बर्फात कोकराची आई मेली, मग दयाळू मुलाने त्याला वाढवलं. तात्पर्यही लावलं होतं शेवटी. तेव्हा मी कशालाही तात्पर्य लावायचो.

गोदी म्हणाली, “तुमी चुकून राहिलात भाऊ. त्याची माय मेली न्हाई. ही बघा की, दारात उभी हाय.”

खरंच होती. एका पानाच्या कोपऱ्यात, अर्धवट उघड्या दाराबाहेर एक मेंढी. मला ती दिसलीच नव्हती.

मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्या पानापासून सांगितलं. ते समजायला तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी. लहान कोकरांना दिवसभर चालवत नाही, ती पालावरच ठेवतात. संध्याकाळी कळप परत आला की एकच कालवा होतो, कोकरं ओरडतात, त्यांच्या माया ओरडतात, आणि बायका-पोरं एकेक कोकरू उचलून त्याच्या त्याच्या मायला नेऊन लावतात. चुकलं तर मेंढी पाजत नाही, लाथ मारते. हे काम गोदीचं होतं, रोजचं. तिने गोष्टीतल्या मुलालाही तेच काम दिलं. त्याला त्या संध्याकाळी खेळायला जायची घाई होती. त्याने एक कोकरू चुकीच्या मेंढीला लावलं आणि पळाला. कोकराला लाथ बसली, उपाशी राहिलं, गारठलं. मुलाने घरी सांगितलं नाही. कोकरू खोक्यात लपवून चुलीजवळ ठेवलं, आपल्या वाट्याचं दूध त्याला पाजत राहिला. इकडे खरी माय कास तटतटलेली घेऊन घरोघर हुंगत दारात आली. दार उघडलं तर बापाला कळणार. नाही उघडलं तर ती तिथेच ओरडत राहणार. गोदी इथे थांबली. मुलांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “उघडलं त्यानं.”

एक लहान पोरगं रडायला लागलं होतं. त्याची बहीण त्याला म्हणाली, येड्या, चित्रातलं कोकरू हाय ते. पण ती स्वतःही नाक ओढत होती.

मी ती गोष्ट तशीच्या तशी डोक्यात भरून घेतली आणि घरी येऊन लिहून काढली. तिचं ‘हाय’ पुसून ‘आहे’ केलं, ‘माय’ पुसून ‘आई’ केली. पत्रकाचा गठ्ठा त्याच टेबलावर होता. संस्थेला पाठवली. तिथे सगळे खूश. माझ्या एका मित्राने चित्रं नव्याने काढली — आपल्याकडची बाभूळ, आपल्याकडची चूल. पुस्तक छापलं. पहिल्या पानावर ‘स्कॉटलंडच्या बोलीतून’, खाली ‘अनुवाद’ आणि माझं नाव. मराठवाड्यात स्कॉटलंडची बोली तपासणार कोण?

इथवरची चोरी होती. चोरी माणूस परत करू शकतो. पुढचं सांगायचं तर —

सव्वीस जानेवारीला प्रकाशन ठेवलं. नांदेडहून पाहुणे आले होते. मी माईकवर गोष्ट वाचत होतो आणि गोदी पुढच्याच रांगेत, लाल रिबिनी, पांढरा सदरा. दुसऱ्या पानापासून तिचे ओठ हलायला लागले. मी वाचायच्या आधी ती पुढचं वाक्य म्हणायची. गुरुजींनी डोळे वटारले तरी थांबेना. तिला वाटलं असणार, मी तिला मजा म्हणूनच हे दाखवतोय, आता शेवटी तिचं नाव घेणार. किती खूश होती! गोष्ट संपली आणि ती उठून उभी राहिली.

“भाऊ, ही तर म्या सांगितलेली हाय.”

पाहुण्यांनी हसून विचारलं, काय म्हणते मुलगी? मी स्टेजवरून उतरलो. तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज मऊ केला — मला येतो तसा आवाज काढता. म्हणालो, “नाही लेकरा. ही स्कॉटलंडची गोष्ट आहे. पुस्तकात आधीपासूनच होती.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही हट्ट धरेल, रडेल, भांडेल. मी तयारीत होतो, हसून टाळायच्या. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग — हे मला लिहवत नाही — मग उजळला. म्हणाली, “व्हय? मंग तिकडं बी कोकरं मायला लावत्यात? आमच्यावानीच?”

मी म्हणालो, हो, अगदी तसंच.

पाहुणे भाषणात म्हणाले की पाहा, बालसाहित्याला सीमा नसतात, आपल्या पालावरच्या लेकरालाही ही गोष्ट स्वतःची वाटली. टाळ्या पडल्या. गोदीनेही वाजवल्या. त्या दिवशी ती पालभर सांगत फिरली म्हणे, समुद्रापलीकडं बी आपल्यासारखेच धनगर हायत. तिच्या बापाने मला चहाला थांबवून विचारलं, तिकडे लांडग्यांची तकलीफ असते का. मी चहा प्यायलो आणि त्यालाही काहीतरी सांगितलं.

पुढच्या फेरीला मी बाईंच्या खोक्यातलं दुसरं पुस्तक नेलं. लाज सोडा, हाव सुटली होती. तिच्यापुढे उघडं ठेवलं आणि म्हणालो, सांग बघू यात काय आहे. तिने ते हळूच माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, तुमीच वाचा भाऊ, समदं आधीच लिवलेलं असतंय, म्या कशाला सांगू? रागावून नाही म्हणाली. तिला ते पटलं होतं. नंतर मी कितीदा प्रयत्न केला. चित्रं दाखवली, गोळ्या दिल्या, इतर मुलांकरवी आग्रह केला. ती छान ऐकायची. सांगितलं कधीच नाही.

दहा वर्षांची मुलगी. दाराशी थांबून श्वास कसा रोखून धरायचा हे तिला कुणी शिकवलं होतं? आणि ते तिच्यातून काढून घ्यायला मला किती वेळ लागला — एका वाक्याइतका.

मी पुढे बऱ्याच सभांत मुलांच्या साहित्यावर बोललो. त्या पुस्तकाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. शाळांत गेलं, बालवाड्यांत गेलं. खूप पोरांना आवडतं. मलाही आवडतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

गेल्या महिन्यात नरसी नामदेवच्या पुढे एका गावात पुस्तकं द्यायला गेलो होतो. एका घरातून हाक आली — भाऊ! गोदी. तिचं सासर. मुलगा चार वर्षांचा, अंगणात शेरडाच्या पिलाला मिठी मारून बसलेला. तिने चहा टाकला आणि ट्रंकेतून ते पुस्तक काढून दाखवलं. टाचण्या गंजलेल्या, कडा चघळलेल्या. म्हणाली, रोज वाचायला लावतो, पाठ झालं तरी ऐकतो. मग मुलाला जवळ ओढून सांगितलं, हे भाऊ हायत ना, यायनं आणली ही गोष्ट, लई दूरच्या देशातून.

मी चहा पिऊन निघालो. फाट्यापर्यंत आलो. बस आली, गेली. परत फिरलो.

ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने हातातलं लुगडं खाली ठेवलं नाही, पिळतही नव्हती, त्यातून पाणी गळत होतं. मग विचारलं, “मंग त्या पुस्तकात खरं काय लिवलं व्हतं?”

मी म्हणालो, मला माहीत नाही.

“एवढ्या वर्षांत कोणाकडून वाचून बी न्हाई घेतलं?”

नाही घेतलं. हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. दोन गोष्टी होत्या, एक तिची आणि एक त्या डोंगराकडची, आणि मी दोन्ही गिळून बसलो होतो.

तिने पोराकडे बघितलं. म्हणाली, “म्हंजी मी याला खोटंच सांगून राहिले रोज.”

मी विचारलं, हे सगळं लिहून छापू का, तुझं नाव घालून? ती म्हणाली, छापा. गोदी नका लिवू, ते घरचं हाय. गोदावरी लिवा. आणि लुगडं झटकून दोरीवर टाकलं. मी निघालो.

संस्थेलाही मी हेच पाठवतो आहे. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा बदलेल. पण वाटल्या गेलेल्या प्रती माझ्या हातात नाहीत, त्या तुमच्या घरात आहेत, तुमच्या शाळेच्या कपाटात आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो. पातळ पुस्तक आहे, कव्हरवर चुलीजवळच्या खोक्यात कोकरू. शोधा. पहिलं पान उघडा. ‘स्कॉटलंडच्या बोलीतून’ ही ओळ खोडा. माझं नाव खोडा. शेजारी गोदावरी असं लिहा — पेनाने, पेन्सिलने नको — आणि ज्या लेकराला ती गोष्ट वाचून दाखवली असेल त्याला बोलावून सांगा की ही कुणाची आहे.