कुठं अडलंय ते सांगायची वेळ

आमच्या घरात सकाळी दहाला खलबत्ता बंद. सूनबाईंची कंपनी पुण्याला, पण काम इथं सोलापुरात, आतल्या खोलीत बसून. दहाला त्यांच्या सात जणांची मीटिंग, पंधरा मिनिटांत उरकते. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. मी दाराआड शेंगा सोलत ऐकायची. खोटं कशाला सांगू, मला ते लई आवडायचं.

पूर्वी साहेब सहा महिन्यांचं काम एकदम द्यायचे आणि शेवटी सगळंच चुकलं म्हणायचे. आता पंधरा-पंधरा दिवसांचा तुकडा करायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. बाकीचे खूश. आमची मात्र राजीनामा लिहून बसलेली. रोज तिसऱ्या प्रश्नाला म्हणायची, "काही नाही, सगळं ठीक." मीटिंग संपली की डोकं धरून बसायची. दवाखान्यात नंबर लावायचं अ‍ॅप बनवायचं काम होतं. एकच नंबर दोन पेशंटना जात होता, चार दिवस सुटत नव्हतं.

"अगं, मग सांग की त्यांना."

"सगळ्यांसमोर कसं सांगू, आत्या? म्हणतील, हिला येत न्हाय."

आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आणि ही "काही नाही"ची सवय तिला आम्हीच लावलेली की. ताप आला तरी "काही नाही". तेव्हा मला तो गुण वाटायचा.

"उद्या बोलली न्हाईस तर मीच आत येऊन सांगते. माझा आवाज मोहोळपर्यंत जातोय, ठाव हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी बोलली. "माझं अडलंय. चार दिवस झाले." मी शेंग हातात धरून तशीच. मग त्यांच्यातले सगळ्यात जुने इंजिनिअर म्हणाले, "ताई, माझंही तिथंच अडलंय. लाजेनं बोललो नाही." सगळे हसले. दोघं मिळून बसले आणि जेवायच्या आत सापडलं! दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं की घोळ व्हायचा.

शुक्रवारी तुकडा दाखवायचा दिवस, गिऱ्हाईक म्हणून दवाखान्याच्या बाई स्क्रीनवर. सुनेनं मलाच आत ओढलं, हातात फोन दिला. "मी तीन म्हटलं की दाबा." दोघींनी एकदमच दाबलं. तिला बारा नंबर, मला तेरा. बाई म्हणाल्या, "हेच पाहिजे होतं आम्हाला."

दुपारी हळूच विचारलं, "त्या राजीनाम्याचं काय?"

"आत्या, सोमवारी नवा तुकडा हाय. त्यातलं अवघड काम मी मागून घेतलंय," असं म्हणून पुन्हा आत जाऊन बसलीसुद्धा.