लाडवांखालचा बटवा

नोकरीत मोठमोठे गुन्हे हाताळले आणि त्यातले कित्येक विसरलोही. एक साधी चोरीची तक्रार मात्र अजून मनातून जात नाही.

मी लंडनच्या पोलीस दलात सार्जंट होतो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे स्टॅनमोरच्या एका मराठी मंडळाची तक्रार आपोआप माझ्या टेबलावर आली. मंडळाची एक दिवसाची सहल समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या एका गावच्या बाजाराला गेली होती. चीज, फुलं, जुनी भांडी यांनी रस्ता भरलेला, आणि मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी. खिसेकापूंच्या भीतीने बायकांनी मंगळसूत्रं, बांगड्या उतरवून एका काकूंच्या बटव्यात ठेवल्या. काकूंनी आपली पिशवी कोचमध्ये, म्हणजे सहलीच्या कुलूपबंद बसमध्येच ठेवली. घरी येऊन पाहतात तर पिशवीत बटवा नाही.

"साहेब, ड्रायव्हरच आहे," मंडळाचे सेक्रेटरी फोनवर म्हणाले. "चावी फक्त त्याच्याकडे होती. आम्ही प्रॉपर चौकशी केलीय."

आपल्या लोकांची चौकशी म्हणजे चहा संपायच्या आत निकाल.

ड्रायव्हर पोलंडचा, पन्नाशीचा. त्याच्या नावावर एकही गुन्हा नव्हता. वकिलासमोर, रेकॉर्डिंग लावून मी त्याची जबानी घेतली. "सगळे बाजारात होते तेव्हा मी बाहेर उभा राहून सँडविच खाल्लं," तो म्हणाला. "त्या बाईंची जड पिशवी मीच वर चढवून दिली होती. विचारा त्यांना." कोचची झडती झाली, घराची झाली, हाती काही लागलं नाही. तोवर त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर स्टॅनमोरहून इल्फर्ड आणि रीडिंगपर्यंत पोचला होता. 'या माणसापासून सावध राहा.' लोकांनी कोच कंपनीची बुकिंग रद्द केली आणि कंपनीने त्याला कामावरून काढलं.

मी काकूंची जबानी पुन्हा घ्यायला गेलो.

"काकू, बटवा पिशवीत नुसताच होता?"

त्यांनी सुनेला चहा ठेवायला आत पाठवलं आणि आवाज खाली आणला. "डब्यात होता. लाडवांखाली. सोनं कुठे ठेवतो ते चारचौघांत सांगतं का कुणी?"

म्हणजे सगळे बटवा शोधत होते. डब्याबद्दल कुणाला माहीतच नव्हतं.

"डबा कुठला?"

"समोरच्या वहिनींचा. दिवाळीच्या फराळाचा राहिला होता. रिकामा कसा परत द्यायचा? म्हणून लाडू भरले. म्हटलं, येताना बटवा काढून घेऊ आणि देऊन टाकू. पण तोही बटव्याबरोबर गेला."

माझ्या आईच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असे. मी उठलो आणि समोरच्या घराची बेल वाजवली.

या वहिनीही सहलीला होत्या. परतताना कुणीतरी कोचमध्ये आवराआवर केली, पिशवीतून बाहेर आलेल्या डब्यावरचं नाव वाचलं आणि तो त्यांच्या हातात दिला. "काकूंनी परत केला असेल असं वाटलं," वहिनी म्हणाल्या. "नातवंडं यायची आहेत, म्हणून तसाच फ्रीजरमध्ये टाकला." डबा उघडला. लाडवांखाली बटवा होता, दागिने जसेच्या तसे.

"अगं बाई!" म्हणत वहिनी काकूंना हाक मारायला दाराकडे धावल्या.

मंडळात पेढे वाटले गेले. मी सेक्रेटरींना सांगितलं, फोटो पाठवलात तिथे तिथे खुलासा पाठवा, कंपनीला पत्र लिहा, त्या माणसाला जाऊन भेटा.

"मेसेज टाकतो हो. पण आता कशाला वाढवायचं? मिळालं ना सगळं!"

मेसेज गेला, 'दागिने सापडले'. त्यात ड्रायव्हरचा उल्लेखही नव्हता. कंपनीला मी स्वतः फोन केला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलेला.

चोर हातून निसटला तर पोलिसाला वाईट वाटतं. इथे चोर नव्हताच आणि शिक्षा मात्र होऊन गेली, हे मला फार लागलं. वस्तू सापडते, तिची पावती होते, फाइल बंद होते. माणसाचं गेलेलं नाव परत मिळवून द्यायला आमच्याकडे कुठलंही कलम नाही.

निदान तोंडी सांगावं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्याने दारातच सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिलं.

"त्या पिशवीवाल्या बाई आल्यात का?"

"नाही. मी एकटाच आलोय."

त्याने मान हलवली, माझे आभार मानले आणि दार हळूच लावून घेतलं.