एकीलाच शिकवता येतंय

मंगलचा फोन सकाळी आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. माझी बालमैत्रीण सुमन गेली... महिनाभर अंथरुणाला होती, म्हणून धक्का असा बसला नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं. मुखेडजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी चौथीपर्यंत एका तरटपट्टीवर बसलो. सात भावंडांत ती थोरली, कडेवर कायम एखादं धाकटं. ते रडायला लागलं की ती वर्गाबाहेर जायची, आणि एक दिवस गेली ती परत आलीच नाही. हुशार खरं तर तीच. पाढे मी तिच्याकडून पाठ केलेले. पण माझे वडील पोस्टात होते, घरात मी आणि माझी बहीण दोघीच. मी शिकत गेले, शिक्षिका झाले.

पुढं बदली होऊन मी नेमकी तिच्या सासरच्या गावी आले. तोवर तिला चार मुली झाल्या होत्या. नवरा-बायको वीटभट्टीवर जायचे आणि नऊ वर्षांची मंगल घरी तिघींना सांभाळायची. पटावर मंगलचं नाव, वर्गात पत्ता नाही. मी भांडायलाच गेले. सुमन भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मंगल शाळंत गेली तर ह्या तिघींला कोन बगंल? मी घरी बसले तर खातील काय? एकीलाच शिकवता येतंय, शांते. तूच सांग, कोनती?" मी चिडून म्हणाले, "मग चार कशाला होऊ दिल्यास?" ती हसली. "लोकं म्हनत्यात, शिकल्याली बाई दोनावर थांबती. मी म्हनते, तुजी आई दोनावर थांबली म्हनून तू शिकलीस." दुसरी, रेखा, सहा वर्षांची होती, किनवटच्या वसतिगृहात तिची सोय करता येण्यासारखी होती. मी बोलून गेले, "रेखाला पाठव." मंगल दारातच उभी होती.

पाचव्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा सुमननं सासूला न विचारता ऑपरेशन करून घेतलं. रेखा आज लातूरला नर्स आहे, निवृत्तीनंतर मीही तिथंच राहते. मंगलचं लग्न सतराव्या वर्षी गावातच लावून दिलं. आईच्या दुखण्यात औषधांचं रेखानं पाहिलं. उठवणं, धुणं, भरवणं मंगलनं.

सुमन गेल्यावर पंधरा दिवसांनी मंगलकडे गेले. रोजानं कापूस वेचायला निघालेली ती माझ्यासाठी खोळंबली. इतकी वर्षं ओठांवर अडलेलं शेवटी बोलले, "मंगल, तेव्हा मी तुझं नाव घ्यायला हवं होतं गं."

"माजं घेतलं असतं तर रेखा घरी बसली असती, मावशी. कोनीतरी बसनारच होतं."

आढ्याला सुमनच्या लुगड्याची झोळी बांधलेली. मंगलची थोरली पूजा, सहावीतली, झोळीची दोरी ओढत धाकट्याला निजवत होती. शाळेची वेळ झालेली. "आज शाळा नाही का?" मी विचारलं. "आजी गेली ना," ती म्हणाली. मग कळलं... अंथरुणाला खिळेपर्यंत दोन वर्षं सुमन रोज दहाला इथं येऊन बसायची, पूजाच्या हातातलं लेकरू घ्यायची आणि म्हणायची, "पळ, घंटा होईल." माझ्याशी यातलं कधी बोलली नव्हती.

मी दोरी हातात घेतली. पूजा आईकडे बघत राहिली. "जा," मंगल म्हणाली, तशी ती दप्तर उचलून पळाली. मागोमाग मंगलही कामाला गेली. लेकरू झोपलं तरी मी दोरी ओढत राहिले. संध्याकाळच्या एसटीनं मला लातूरला परतायचं होतं.