दिसतंय तेवढंच

कारेगावजवळच्या आमच्या कारखान्यात एक बाई आमचं बोलणं जपानी साहेबांना समजावून सांगायच्या. ज्याच्याबद्दल सांगायचं, त्याच्याकडे त्या आधी नीट बघून घ्यायच्या.

एकदा आमच्यातले वयस्कर आप्पा मशीन बंद करून गप्प उभे राहिले. सुपरवायझर ओरडला, "साहेबांना सांगा मॅडम, ह्याला कामच करायचं न्हाई."

बाई काहीतरी बोलल्या. साहेबांनी तडक आप्पांपाशी जाऊन, काय होतंय म्हणून खुणेनं विचारलं. आप्पांनी सुजलेलं मनगट पुढं केलं.

"काय सांगितलंत, मॅडम?" मी नंतर विचारलं.

"काम नकोसं झाल्यासारखं दिसतंय, एवढंच. दुसऱ्याच्या मनातलं जपानीत ठामपणे सांगत नाहीत. ते त्याचं त्यालाच ठाऊक."

अशीही भाषा असते, हे ऐकून मी थक्क झालो.

त्या संध्याकाळी घरी आलो, तर वडील तोंड फिरवून बसले होते. "रागावल्यात," आई म्हणाली. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढं बसून विचारलं, "आबा, काय होतंय?"