बाळंतिणीची शेगडी

माझ्या सासूला अख्खी खडवली वेडी म्हणते. खरं सांगायचं तर चिडले की मीही म्हणते. डिसेंबरात नदीवरनं बोचरा वारा येतो आणि ही बाई घरातली एकेक खिडकी सताड उघडी ठेवते! चूल तर तिने कधीच फोडून टाकली. अंगणात कोणी शेकोटी केली तरी उठून जाते.

आधी अशी नव्हती. बाळंतिणीचं करावं तर तुळसाबाईनेच, असं सगळ्या म्हणायच्या. तेलाने अंग रगडायची, मग खाटेखाली लाकडाच्या निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर चिमूटभर ओवा. दारंखिडक्या बंद, वारा लागता कामा नये. कौलारू घरांतनं धूर आपला आपण निघून जायचा. चाळीस वर्षांत कोणाला काही झालं नाही.

आठ वर्षांपूर्वी तिची लेक, माझी नणंद संचिता, बाळंत झाली. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट, सरकत्या काचा, वर स्लॅब. सासूने शेगडी ठेवली, काचा लावल्या, दार ओढलं आणि मला म्हणाली, "शीला, दाराखाली फडकं लाव गं." मी लावलं. बाळ माझ्या कडेवर होतं.

आतनं संचिता म्हणाली, "आई, डोकं दुखतंय. जरा खिडकी उघड ना."

सासू किचनमध्ये खीर ढवळत होती. "वारा लागंल. गप पड," म्हणाली.

संचिता गप पडली. दार उघडलं तेव्हा निखाऱ्यांचा गॅस कोंडून सगळं संपलेलं.

ते बाळ म्हणजे आमची सान्वी. तुझी आई तापाने गेली, असंच तिला सांगत आलो. पण ओव्याचा वास आला की सासू अजून बंद दाराला कान लावून उभी राहते. देवाशप्पथ, मलाही आतनं कोणीतरी बोलल्यासारखं वाटतं.

परवा सकाळी सान्वी गोधडीत कुडकुडत होती. "आजी, डोकं दुखतंय. खिडकी लाव ना."

सासूच्या हातातलं पातेलं पडलं. पोरीला गोधडीसकट उचलून ती अंगणात धावली. आठ वर्षांची घोडी, म्हातारीची कंबर मोडायची! मी ओरडत मागे.

"तू अशी का करतेस गं आजी?" सान्वी रडायलाच लागली.

सासू ओट्यावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. शेगडी, काचा, ते "गप पड"सुद्धा. फक्त फडकं नाही सांगितलं. "मीच मारली गं तुझ्या आईला," म्हणाली.

सान्वीने गोधडीने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळली. "मामी, तेव्हा तू कुठे होतीस?"

सासू माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको म्हणून. आठ वर्षं तिने माझं नाव कोणापुढे काढलं नव्हतं, स्वतःच्या मुलापुढेही नाही. आणि मी तिलाच वेडी म्हणत फिरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"दाराबाहेर," मी म्हटलं. "फडकं मी लावलेलं."